बांधावरची बावीस मिनिटं

कलबुर्गी,
२४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप अप्पा,

नमस्कार. हे पाकीट कंडक्टर तिप्पण्णांच्या हाती देतेय. पलीकडच्या घरचं पाकीटही त्यांच्याचकडे आहे. "एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन पाकिटं देतो, माझं काय जातंय," असं म्हणून त्यांनी दोन्ही चामडी पिशवीत टाकली.

फोन का केला नाही हे विचारू नका. संतपूरच्या आपल्या रानात नेटवर्क येतं ते फक्त बांधावर. बांधावर बोललेलं बालाजीकाकांना ऐकू जातं, म्हणून तुम्ही फोन उचलत नाही. तुम्हाला ऐकू जातं, म्हणून काका उचलत नाहीत.

आता बातमी. माझा एम.टेक.चा प्रकल्प शैलश्री मॅडमनी मान्य केला! मी हॉस्टेलच्या जिन्यात दोनदा नाचले. आणि अप्पा, विषय तुम्ही दोघा भावांनीच दिलाय. सहा वर्षं तुमचं बोलणं बंद, विहीर मात्र एकच. "आज पाणी मला पाहिजे" हे भिंतीपलीकडच्या भावाला सांगायला तुम्ही मला चिठ्ठी लिहिता. ती बसने दीडशे किलोमीटर येते. मी ती काकांना धाडते. त्यांचं उत्तर पुन्हा माझ्याकडे येतं. तोवर हरभरा माना टाकतो.

मोठमोठी यंत्रं अगदी हेच करतात. शेतात रोवलेला ओल मोजणारा खिळा सांगतो, माती कोरडी आहे. ते दूर कुठल्या तरी संगणकांच्या कोठारात जातं, त्याला म्हणतात क्लाऊड, म्हणजे ढग. तिथून हुकूम येतो. नेटवर्क गेलं की सगळं ठप्प. मी म्हणते, शेतातलं शेतातच ठरू द्या. ढग जमिनीवर उतरला की धुकं होतं, म्हणून ह्याला फॉग कॉम्प्युटिंग म्हणतात. तुमच्या रानाच्या कडेला चार खिळे, काकांच्या कडेला चार. दोघांच्या खांबावर एकेक पेटी. दुपारी चारला थ्री-फेज वीज आली की मोटर चालू होणारच. पाणी कुणाकडे सोडायचं हे दोन पेट्या आपसात बोलून ठरवतील. ज्याचं रान जास्त कोरडं, त्याला पाणी. पाइपावरचा वॉल आपोआप फिरेल.

चाचणी २२ ते ३१ डिसेंबर. ह्या दहा दिवसांत वॉलला माणसाचा हात लागायचा नाही. एकदा जरी लागला तरी चाचणी रद्द, ९ जानेवारीची तोंडी परीक्षा रद्द, पूर्ण वर्ष पुन्हा, आणि फेब्रुवारीत धारवाडला लागणारी नोकरीही गेली. अप्पा, मला उंदरांची भीती नाही, विजेची नाही. तुमच्या उजव्या हाताची आहे.

तुमची,
मंजुश्री


संतपूर,
२८ नोव्हेंबर

मंजे,

तुझं पत्र पोचलं. तिप्पण्णा आधी तुझ्या बापाच्या दारात गेला, मग माझ्या. असं कामून, विचारलं तर म्हणतो, "ते दार आधी लागतंय." पुढच्या वेळी त्याला मारुतीच्या देवळाच्या अंगानं यायला सांग.

तुझा विषय मला अर्धा कळला. वरच्याला विचारायचं नाही, आपलं आपण ठरवायचं. हे आमच्या आज्यानं निजामाच्या काळातच सांगितलं होतं, पण त्याला कुणी एम.टेक. दिली नाही.

खिळे मार, पेटी बसव, सगळं रान तुझंच आहे. माझ्या दोनच अटी. माझा खांब तुझ्या बापाच्या खांबापेक्षा ठेंगणा नको. आणि पेट्या बोलणार म्हणतेस तर बोलू देत, पण आधी त्याच्या पेटीनं बोलायचं, मग माझी उत्तर देईल. आपण होऊन पहिली हाक मारायला ती काही रस्त्यावर पडलेली नाही.

तुझ्या बापाला कळव, त्याची शेळी परवा माझी तूर खाऊन गेली. तब्येत बरी दिसली.

तुझा,
बालाजीकाका


संतपूर,
६ डिसेंबर

चि. मंजुश्रीस आशीर्वाद.

रविवारी तू पेट्या बसवून गेलीस. सोमवारी पलीकडच्याने आपला खांब हातभर उंच केला. मंगळवारी मी माझा दोन हात उंच केला. बुधवारी त्याने वर जुन्या गाडीचं जू बांधलं. काल मी लांब वेळू आणला. आता माझी पेटी तुरीच्या शेंड्यावर पुरुषभर आहे. काही बिघडलं तर शिडी लागेल, पण त्याच्यापेक्षा उंच आहे.

पेटीवरचा हिरवा दिवा चालू आहे. मी दिवसातून एकदा पाहतो. शेळी त्याची तूर खाते, कारण त्याने कुंपण केलेलं नाही. कळवणे.

गुंडेराव

(एकदा न्हाई गं, तासातासाला दिवा बघायला जायलेत. भाकरी वाळून कडंग व्हायलीय. आई.)


कलबुर्गी,
१२ डिसेंबर

अप्पा आणि काका,

एकच पत्र दोन प्रतींत लिहिलंय. कुणाचं आधी लिहिलं हे सांगणार नाही.

खांब उंच केल्याने पेटीला जास्त अक्कल येत नाही, असं खडसावून लिहायला बसले होते. तेवढ्यात तिप्पण्णांनी आणलेल्या कार्डावरची नोंद पाहिली. पहिल्या दिवशी तुरीच्या आडोशाने दोन्ही पेट्यांना एकमेकींचं नीट ऐकू येत नव्हतं, दहातले सहा निरोप हरवत होते. आता एकही हरवत नाही! तुमच्या चढाओढीत दोघी तुरीच्या वर निघाल्या. मला ह्या गोष्टीसाठी महागडा अँटेना घ्यावा लागणार होता. मी मॅडमना सांगितलं, खांबाची उंची शेतकऱ्यांनी ठरवली. त्या म्हणाल्या, "किती जाणकार माणसं!" मी मान डोलावली.

पहिल्या हाकेचं असं केलंय: सम तारखेला आधी अप्पांची पेटी बोलेल, विषम तारखेला काकांची. हा नियम कशासाठी, असं मॅडमनी विचारलं. "तिकडची रीत आहे," म्हटलं. काय करणार?

दहा दिवस, वॉलला हात नाही. दोघांनीही शपथ घ्या. वेगवेगळी घेतली तरी चालेल.

मंजुश्री


संतपूर,
२५ डिसेंबर

मंजे,

चार दिवसांत तुझ्या पेटीनं तीनदा पाणी तुझ्या बापाच्या हरभऱ्याला दिलं. काल चारला मी वॉलपाशी उभा होतो. हात असा शिवशिवत होता की शेवटी हातावर बसलो. खोटं नाही सांगत, दगडावर हात ठेवला आणि त्यावर बसलो. तुझी काकू बघून म्हणाली, "हे काय करायलाव?" मी म्हटलं, "पुतणीला एम.टेक. करायलोय."

मग रागानं माझी ज्वारी उकरून बघितली. चार बोटं खाली ओल होती. पेटी खरं बोलते. असलं खरं बोलणारं आमच्या खानदानात पहिल्यांदाच निपजलं.

सोमवारी अमावास्या, रानातली येळवस. तू येणार ना? तू नसलीस तर भज्जीला काय चव?

तुझा,
काका


कलबुर्गी,
२७ डिसेंबर

अप्पा आणि काका,

मला येता येणार नाही. चाचणी चालू असताना मी शेतात दिसले तर लोक म्हणतील हिनेच हाताने चालवलं, म्हणून मॅडमनी सक्त मनाई केलीय. जन्मल्यापासून माझी एकही येळवस चुकली नव्हती. हॉस्टेलच्या मेसमध्ये सोमवारी सांबार आहे. मी काल खरंच रडले.

सगळं गाव रानात असेल. कडब्याची खोप, खोपीत पाच दगडांचे पांडव, हरभरा-तुरीची भज्जी, उंडे, खीर, मातीच्या बिंदग्यातली आंबट अंबील. आठवून आठवून अभ्यासाच्या वहीत जेवणाची यादी झालीय. लहानपणी दोन्ही रानं मिळून एकच खोप असायची. मग अप्पा, सहा वर्षांपूर्वी काकांना यायला उशीर झाला म्हणून तुम्ही पूजेनंतरचा रानाचा फेरा बांधावरूनच मागे फिरवलात, आणि काका पाहुण्यांदेखत तसेच उभे राहिले. तेव्हापासून दोन खोपी. मला काही म्हणायचं नाही. मी फक्त आठवण काढली.

पेट्यांची काळजी नको. नेटवर्क तीन दिवस गेलं, वीज गेली, उंदराने वायर कुरतडली, सगळ्या संकटांचा मी विचार करून ठेवलाय.

थोडी भज्जी पाठवा.

मंजुश्री


संतपूर,
१ जानेवारी २०२५

चि. मंजुश्रीस आशीर्वाद.

चाचणी काल संपली. नोंदीचं कार्ड आणि भज्जी तिप्पण्णाजवळ देत आहे. वॉलला कुणी हात लावला नाही. येळवस नीट पार पडली. काही झालं नाही.

गुंडेराव


संतपूर,
१ जानेवारी २०२५

मंजे,

वॉलला कुणी हात लावला नाही. येळवस नीट पार पडली. काही झालं नाही. अण्णानं काय लिहिलं मला ठाऊक नाही, पण तेही असंच असेल.

काका


कलबुर्गी,
३ जानेवारी

अप्पा, काका,

तुम्ही माझं वाटोळं केलंत.

कार्ड उघडलं. आठ दिवस सगळं सुतासारखं सरळ. नवव्या दिवशी, म्हणजे ३० तारखेला, भर दुपारी मोटर बंद असताना आठच्या आठ खिळे ओले! आभाळ कोरडं, विहीर शांत, आणि खिळे म्हणतात आम्ही न्हालो. मला काय कळत नाही? आपलं रान कोरडं दिसावं म्हणून तुम्ही एकमेकांच्या खिळ्यांवर पाणी ओतलंत! अप्पांनी काकांच्या, काकांनी अप्पांच्या. वॉलला हात लावला नाही म्हणे! दोघांची पत्रं शब्दाला शब्द सारखी, तेव्हाच संशय यायला हवा होता. सहा दिवसांवर परीक्षा आहे. आता मी मॅडमना कोणत्या तोंडाने

थांबा.

वरचं लिहिताना हातात भज्जीचा डबा होता. शिळी भज्जी खात खात पुन्हा वेळा पाहिल्या. पहिला खिळा बारा दहाला ओला. दुसरा बारा सोळाला. तिसरा बारा एकवीसला. चौथा बारा सत्तावीसला. अप्पा, ही तर चाल आहे! खांद्यावर बिंदगं घेऊन, ढेकळं चुकवत, "होलगे होलगे सालम पोलगे" ही फेऱ्याची हाळी देत चालणाऱ्या माणसाची चाल. मी एवढी सगळी संकटं मोजली आणि अंबील विसरले! संतपूरची पोर मी, रानाच्या कडेला खिळे ठोकले आणि येळवशीला रानाच्या कडेनेच अंबील शिंपतात हे विसरले. मी एकटीच इतकी हसले की शेजारच्या खोलीतली मुलगी बघायला आली.

मग हसू थांबलं. चौथा खिळा अप्पांचा, बांधाला लागून. पाचवा काकांचा, बांध ओलांडला की लगेच. मध्ये बारा पावलं. तो ओला झाला बारा एकोणपन्नासला. मग सहावा, सातवा, आठवा, तशाच चालीने, एक वाजून सहा मिनिटांपर्यंत. ओलही अगदी तेवढीच.

अप्पा, फेरा बांधावरून मागे फिरला नाही. पुढे गेला. आणि काका, सहा वर्षं तुम्ही त्यांना "तुझा बाप" लिहीत होतात. परवाच्या पत्रात "अण्णा" लिहिलंय. मी आत्ता पाहिलं.

बारा पावलांना बावीस मिनिटं का लागली? खरं लिहा. परीक्षा गेली तरी चालेल, पण मला हे कळलंच पाहिजे.

मंजुश्री


संतपूर,
५ जानेवारी

चि. मंजुश्रीस आशीर्वाद.

खरं ते लिहितो. तू नापास होशील ह्या भीतीने लपवलं.

येळवशीला मी नेहमीसारखा बिंदगं घेऊन निघालो. पळी पळी अंबील शिंपत चार कोपरे केले. खिळे तिथंच आहेत हे ध्यानात आलं नाही. चौथ्या कोपऱ्यावर आलो तर पलीकडे बालाजी भरलेलं बिंदगं घेऊन नुसता उभा. फेरा नाही, शिंपणं नाही. येळवशीला कुणी रान उपाशी ठेवतं का? तुझ्या आईला विचारलं. ती म्हणाली, "भावजींनी फेरा घातलाच न्हाई. अंबिलीनं खिळे ओले व्हतील, पोरीची परीक्षा बुडंल म्हनले."

ज्याला तुझा विषय अर्धा कळला, त्याला हे सुचलं. मला नाही. माझं रान खोटं ओलं झालं होतं, आता पेटी पाणी त्याला देणार. पाणी जाऊ दे, तुझं वर्ष जात होतं.

पहिली काही मिनिटं मी उभाच राहिलो. तोही उभा. तुझी आई ओरडली, "अवं, उभं कामून राहिलाव? अंबील तापायलीय!" तो आभाळाकडे बघून म्हणाला, "आज तीस तारीख हाय. सम हाय."

म्हणजे पहिली हाक माझी.

मी म्हणालो, "बाळ्या, तुझे खिळे कुठंत?"

(इथून पुढं मी लिहितो, अण्णाचे डोळे भरून आलेत, चष्मा पुसायलाय. मी म्हटलं, "तुला काय करायचंय?" तो म्हणाला, "माझे चार ओले झाले, तुझेबी तेवढेच करू. पेटी एकमेकींशी ताडून बघतीय ना? दोन्हीकडं सारखंच खोटं असलं तर फरक तोच ऱ्हाईल." मंजे, मी थक्क झालो. ह्या माणसाशी मी सहा वर्षं बोललो नाही! मी म्हटलं, "मग मी शिंपतो." तर म्हणे, "तुझा हात सैल हाय, दीड पळी सांडशील. पळी तीच पायजे, हातबी तोच पायजे." ह्यावर आम्ही भांडलो. मनसोक्त भांडलो. सहा वर्षांचं सगळं काढलं, शेळीसुद्धा. खालच्या रानातली माणसं जेवण सोडून ऐकायला आली. मग मी बाजूला झालो आणि म्हटलं, "चल, बांध ओलांड." त्याचा पाय उचलंना. मी हात दिला. बिंदगं जड होतं म्हणून दिला, दुसरं काही नाही.)

त्याचं मानू नको. बिंदगं अर्धं रिकामं होतं.

(फेऱ्यात मी मागं मागं होतो, होलगे होलगे ओरडत. घसा अजून बसलेला आहे. चारला पेटीनं पाणी अण्णाच्या हरभऱ्याला दिलं. अण्णा एकटाच शिंपून थांबला असता तर ते मला मिळालं असतं. पण खरं पाणी त्याचंच होतं.)

आता तू नापास होशील का, ते कळवणे.

गुंडेराव
बालाजी


कलबुर्गी,
१० जानेवारी

अप्पा, काका,

पास! पास! पास! मॅडमनी पेढे आणले, त्यातले निम्मे मीच खाल्ले.

बाहेरून आलेले परीक्षक चष्म्यावरून बघणारे. त्यांनी नेमकं ३० तारखेवर बोट ठेवलं. "आठही खिळे चुकीचं सांगत होते, तरी निर्णय बरोबर कसा?" मी फरक काढून दाखवला. बाराला अप्पांचं रान काकांच्या रानापेक्षा जितकं जास्त कोरडं होतं, चारलाही तितकंच होतं, केसभर इकडेतिकडे. त्यांनी विचारलं, "ही तुमच्या रचनेतली योजना का?"

खोटं बोलायचं फार मनात आलं. पण म्हटलं, "नाही सर. माझ्या रचनेत ही चूक सुटली होती. शेतात माझ्या पेट्यांखेरीज दोन जुनी यंत्रं होती, एक अठ्ठावन्न वर्षांचं, एक चौपन्न. त्यांची जोडणी सहा वर्षं तुटलेली होती. चूक दिसली तशी त्यांनी जोडणी केली, मला न विचारता, जागच्या जागी. बावीस मिनिटं लागली."

त्यांनी कागद पुन्हा चाळले. मग वॉलला हात लागला होता का, विचारलं. नाही म्हटलं. त्यांनी सही केली आणि निघताना हळूच विचारलं, "अंबील म्हणजे ताकातलीच ना?" त्यांचं आजोळ आपल्याकडच्या मंठाळचं निघालं.

आता तक्रार ऐका. चार दिवस झाले, तिप्पण्णा रिकाम्या हाताने येतात. निरोप नाही, शेळी नाही, तूर नाही. सहा वर्षं तुमची भांडणं माझ्यामार्फत गेली, मला त्याची सवय झालीय. दीडशे किलोमीटरवर मी बेकार बसलेय आणि इतकी खूश आहे की काय सांगू. पण मला निदान खुशाली तरी कळवा.

तुमची,
मंजुश्री


संतपूर,
संक्रांत

चि. मंजुश्रीस दोघांचे आशीर्वाद.

खांब अजून उतरवलेले नाहीत. माझा उंच आहे.

(खोटं. दोरी लावून मोजलं, माझा चार बोटं उंच आहे.)

त्याने दोरी ताणून धरली होती. कुंपण त्याने अजून केलं नाही. शेळी मी बांधतो आहे.

पत्रं लिहीत बसायला आता सवड मिळत नाही, तरी रागावू नको. फोन कर. नेटवर्क बांधावरच येतं. संध्याकाळी आम्ही दोघंही तिथंच बसलेलो असतो.

गुंडेराव, बालाजी